अ‍ॅपवर आधी फोटो मागतात, मग आडनाव

प्रश्न मोठा आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे २८ वर्षांचे आहेत, मूळचे परभणी जिल्ह्यातले, सध्या हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. गे आहेत, बौद्ध आहेत. पुण्यात आलो की आपली माणसं भेटतील असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात गे डेटिंग अ‍ॅपवर दोन दिवस छान गप्पा व्हायच्या, मग ‘आडनाव काय?’ आणि उत्तर दिलं की समोरून चिडीचूप. कोणाच्या तरी फ्लॅटवरच्या पार्टीत इंग्रजी बोलताना ते अडखळले, तर दोघं एकमेकांकडे बघून हसले. एकानं भेटल्यावर पाच मिनिटांत सांगितलं, ‘फोटोत तू एवढा बायकी वाटला नव्हतास.’ गावी असताना ते भीमगीतं गायचे, पेटीही वाजवायचे. तेही सुटलं, कारण इथल्या मित्रांना ते ‘डाउनमार्केट’ वाटतं आणि गाण्याच्या मंडळीत बसलं की लग्नाचा विषय निघतो. आता ते विचारतात: ही कम्युनिटी सोडून द्यावी का? माझी ओळख म्हणजे फक्त गे एवढीच का? की हे सगळे प्रश्न म्हणजे माझी पळवाट आहे? मध्येच दोन वाक्यं आहेत. एक, ‘मलाही बायकी मुलं आवडत नाहीत, पण मी तसा नाहीच.’ दुसरं, ‘कधी कधी वाटतं, घरचे म्हणतात तसं लग्न करून टाकावं.’ या दोन्हींकडे नंतर येतो.

मी पुण्यात समुपदेशन करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत गे आणि बायसेक्शुअल पुरुष बरेच असतात. मी स्वतः गे आहे, पन्नाशी ओलांडलेला, म्हणजे प्रोफाइलवर ‘नो अंकल’ लिहितात त्यातला अंकल. आडनाव मात्र असं आहे की ते मला कधी लपवावं लागलं नाही. हे आधीच सांगतो, कारण जातीबद्दल मी पुढे जे लिहिणार आहे ते समोर बसलेल्या माणसांकडून ऐकलेलं आहे, माझ्या अंगावरून गेलेलं नाही. एखाद्या ठिकाणी ‘याला काय कळणार’ असं वाटलं तर खुशाल वाटू द्या.

तुम्ही ‘कम्युनिटी सोडू का’ असं विचारलंय. तुमचं लिहिणं दोनदा वाचल्यावर मला आधी दिसली ती वेगळीच गोष्ट: आज पुण्यात अशी एकही जागा नाही जिथे तुम्ही सगळेच्या सगळे जाऊन बसू शकता. पार्टीला जाताना परभणी, पेटी आणि १४ एप्रिल खोलीवर ठेवून निघायचं. गाण्याच्या मंडळीत जायचं तर गे असणं खोलीवर ठेवायचं. ऑफिसात बहुधा दोन्ही. अशा माणसाला एक टोमणा जेवढा लागतो तेवढा इतरांना लागत नाही, कारण परत येऊन ‘बघ ना, आज असं झालं’ म्हणून सांगायला कोणी नसतं. त्यामुळे राहायचं की सोडायचं हे जरा बाजूला ठेवू. आडनाव, इंग्रजी आणि ‘बायकी’ हे तिन्ही तुम्ही एकाच पोत्यात भरलंय. तिन्ही वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात आणि तिन्हींचं करायचं काय हेही वेगळं आहे.

आडनावापासून सुरुवात करू. गे अ‍ॅपवर माणसं चेहरा दाखवत नाहीत. छातीचा फोटो, पाठमोरा फोटो, नाहीतर सूर्यास्त. नाव ‘राज’. ब्लॅकमेल आणि लुबाडणुकीचे प्रकार घडतात, त्यामुळे ही काळजी रास्तच आहे. पहिल्या गप्पांत आडनाव, कंपनी, सोसायटी सांगू नका असं मी सगळ्यांनाच सांगतो. मग जिथे स्वतःचं खरं पहिलं नावही कोणी सांगत नाही, तिथे समोरच्याचं आडनाव कशाला लागतं? ती स्थळ बघण्याची सवय आहे, घरात लहानपणापासून ऐकलेली. आडनावावरून उलगडा झाला नाही तर पुढचे प्रश्न ठरलेले: ‘गाव कुठलं?’, ‘वडील काय करतात?’, ‘अ‍ॅडमिशन कशातून झालं होतं?’ गावावरून पडलेलं, ‘कर’ने संपणारं आडनाव असेल तर चौकशी जरा लांबते, एवढंच. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाला तर कोणी काही विचारलंही नव्हतं. त्यानं इन्स्टाग्रामची लिंक दिली, समोरच्यानं खाली जात जात १४ एप्रिलचा निळ्या फेट्यातला फोटो गाठला, आणि ठरलेली भेट ‘आज जरा काम निघालं रे’ होऊन गेली. (अशा माणसांचे तपशील मी बदलून लिहितोय.)

ग्राइंडर या गे डेटिंग अ‍ॅपनं जून २०२० मध्ये वंशावरून माणसं गाळायची सोय, म्हणजे ‘एथ्निसिटी फिल्टर’, काढून टाकायचं ठरवलं. आपल्याकडच्या जातीला तसं बटण कधी नव्हतंच. ते काम चॅटमध्ये हातानं होतं, त्यामुळे कोणत्या कंपनीनं काढून टाकावं असं तिथे काही नाही.

२०१५ सालची ती जाहिरात आठवते का? मुंबईच्या पद्मा अय्यर यांनी आपल्या मुलासाठी, हरीश अय्यर यांच्यासाठी, ‘मिड-डे’मध्ये वर हवा म्हणून जाहिरात दिली. एक आई वर्तमानपत्रात उघडपणे मुलासाठी नवरा शोधते, हे तेव्हा केवढं मोठं होतं हे आज वयाच्या विशीत असलेल्यांना सांगून पटणार नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा पुन्हा लागू झालेलं होतं. त्याच जाहिरातीत जातीचं बंधन नाही असं म्हणून पुढे कंसात ‘अय्यर असल्यास उत्तम’ अशा अर्थाचे शब्द होते. त्यावर बराच वाद झाला, तो कंस गमतीनं टाकल्याचं स्पष्टीकरणही आलं. मला त्या आईचं धाडस खरं वाटतं आणि तो कंसही खरा वाटतो. आपल्याकडे लग्नाची भाषा उचलली की तिच्याबरोबर तो कंस येतोच, नवरी असो वा नसो.

गे पुरुष इतरांपेक्षा जास्त जातीयवादी असतात असं मला दिसलेलं नाही. ते त्याच घरांतून आलेत, त्याच पंगतीत जेवलेत. तरीही तुम्हाला हे ऑफिसातल्या टोमण्यापेक्षा जास्त का लागलं? कारण ऑफिसकडून तुम्हाला अपेक्षाच नव्हती. २००३ मध्ये इलान मायर या अभ्यासकानं अल्पसंख्य लैंगिकतेच्या माणसांवर बाहेरच्या समाजाचा ताण कसा साचत जातो याची मांडणी केली. आम्ही समुपदेशक ती सर्रास वापरतो. पुढे २०२० मध्ये जॉन पाचांकिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गे पुरुषांवर गे वर्तुळातूनच येणारा ताण तपासला आणि त्यात चार गोष्टी वेगळ्या काढल्या: सगळं सेक्सभोवती फिरणं, पैसा-दिसणं-प्रतिष्ठेला आलेलं महत्त्व, आपसातली चढाओढ, आणि वेगळ्या माणसांना बाहेर ठेवणं. अमेरिकेतला अभ्यास आहे, त्यामुळे आपल्याकडची जात त्यात नाही. पण त्यातली एक गोष्ट मला रोज दिसते. बायकांच्या डोळ्यांत भरावं म्हणून पुरुष धडपडतात तेव्हा त्यांची एकमेकांशी तुलना होतेच, पण जोडीदार आणि स्पर्धक वेगळे असतात. गे पुरुषाचा स्पर्धक आणि ज्याला तो आवडावा असा माणूस एकाच पार्टीत, कधी कधी एकाच माणसात असतो. म्हणून तिथे बायसेप्स, रंग, ब्रँड, उच्चार यांचं मोजमाप इतकं करकचून चालतं.

इंग्रजीचं मी लवकर आटपतो. मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था १९९४ पासून उभ्या राहिल्या, पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून तपासणी, कंडोम, समुपदेशन यांसाठी पैसा आला. त्या कामातली माणसं कोथी (बायकी ढंगाचा), पंथी (मर्दानी ढंगाचा), डबल डेकर (संभोगात दोन्ही भूमिका घेणारा) या शब्दांत बोलायची, मराठी-हिंदीत बोलायची, स्टेशनबाहेर आणि बागांत काम करायची. स्वतःला इंग्रजीतून ‘गे’ म्हणवणारा सुशिक्षित वर्ग बऱ्यापैकी वेगळा राहिला. त्याच्या गाठीभेटी घरांत, कॅफेत, पार्ट्यांत. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून बाहेर काढलं आणि मग आयटी कंपन्यांत जूनमध्ये, म्हणजे प्राइड महिन्यात, इंद्रधनुषी पट्ट्या गळ्यात आल्या. त्याही बहुतेक या दुसऱ्या वर्गाच्याच गळ्यात. तुमच्याकडे नोकरी या वर्गाची आहे आणि बोली पहिल्या वर्गाच्या जवळची, म्हणून तुम्ही मध्ये पडलात. त्या फ्लॅटवर जमलेले पंधरा-वीस जण म्हणजे कम्युनिटी नव्हे. ते एका उत्पन्नाचे, एका प्रकारच्या शाळेत गेलेले मित्र आहेत. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट सुरू झाला तेव्हापासून मराठीतून बोलणारा, लिहिणारा वेगळा गोतावळाही इथे तयार होत आलाय. तो कोरेगाव पार्कात सापडत नाही. आणि हसणाऱ्या त्या दोघांकडे परत जायचं काहीच कारण नाही, त्यावर जास्त विचार करू नका.

आता ‘बायकी’. इथे मी थांबणार आहे, कारण मला वाटतं तुमच्या बोलण्यातला सर्वांत हळवा भाग हाच आहे आणि तुम्ही तो एका वाक्यात उडवलाय.

माझ्यासमोर बसून एक मुलगा एकदा व्हॉइस नोट पाठवत होता. दोन वाक्यांची. ‘हां, शनिवारी जमेल, सातला भेटू.’ त्यानं ती रेकॉर्ड केली, कानाला लावून ऐकली, पुसली. खाकरून पुन्हा केली, या वेळी आवाज घशातून खाली ओढून. पुन्हा ऐकली. ‘जमेल’मधला ‘मे’ लांबला म्हणून तीही पुसली. शेवटी टाइप केलं, ‘ओके ब्रो’. मी काही विचारलं नाही, तोच म्हणाला, ‘सर, फोनवर आवाज बारीक येतो माझा.’ त्याचा आवाज बारीक नव्हता. शाळेत त्याला ‘बायल्या’ म्हणायचे तो काळ मात्र घशात बसला होता.

हे शाळेत झालं तर आपण त्याला छळ म्हणतो. गे अ‍ॅपवर ‘नो फेम’ (म्हणजे बायकी नको), ‘स्ट्रेट-अ‍ॅक्टिंग ओन्ली’, ‘मर्दानी असशील तरच मेसेज कर’ लिहिलं की त्याला आवड म्हणतो. तुम्ही या छळाचा मार खाल्लात आणि त्याच प्रश्नात तुम्हीही ‘मी तसा नाहीच’ म्हणून घेतलंत. तुम्हाला कोणी विचारलं नव्हतं. मी हे दोष म्हणून दाखवत नाही. वर्गात एकाला चिडवत असताना बाकीची सगळी मुलं आपले हात-पाय सरळ धरून बसतात, तसंच हे आहे. पण ज्यानं तुम्हाला पाच मिनिटांत ‘बायकी’ म्हटलं तोही बहुधा घरी आरशासमोर आपली चाल तपासून आला असणार.

आणि ज्यांची चाल दिसते त्यांनी या सगळ्यांसाठी काय केलंय हेही बघा. ३७७ च्या काळात पोलिसांच्या हाती आधी कोण लागायचं? ज्याच्याकडे बघून कळतं तो. एचआयव्हीच्या कामात स्टेशनबाहेर पिशवीत कंडोम घेऊन कोण उभं राहायचं? तेच. ज्यांना लपता येत होतं ते लपले, मीही त्यातच होतो, आणि ज्यांना लपता येत नव्हतं त्यांच्या जिवावर आमच्यासाठी बाहेर येण्याची वाट झाली. मोर्च्यात ‘जरा डीसेंट कपडे घालून या, लोक काय म्हणतील’ असं कोणी म्हणालं की मला म्हणून राग येतो.

‘मग मला बायकी मुलाबरोबर जबरदस्तीनं डेट करायचं का?’ नाही. आकर्षण कर्तव्य म्हणून उगवत नाही आणि हक्क म्हणून मागताही येत नाही. कोणी तुम्हाला नाही म्हणालं म्हणजे त्यानं अन्याय केला असंही होत नाही. मी माझ्याकडे येणाऱ्यांना एवढंच विचारतो: ज्याच्याबरोबर झोपायचं नाही त्याच्याबरोबर चहा प्याल का? ऑफिसजवळच्या टपरीवर, सहकारी येतील जातील अशा ठिकाणी? त्याच्याबरोबर रिक्षात बसाल का? तिथे पाय अडखळला तर तो प्रश्न आवडीचा राहिलेला नाही. आडनावालाही हीच कसोटी लावा. एखाद्याला तुमचा चेहरा आवडला नाही, विषय संपला. पण चेहरा आवडला, आवाज आवडला, दोन दिवस रात्री एक वाजेपर्यंत गप्पा झाल्या आणि आडनावाशी गाडी थांबली, तर त्याला आवड-नावड म्हणणं म्हणजे जातीला सभ्य नाव देणं झालं.

जाता जाता, तुमच्या प्रश्नात नाही पण याच पंगतीतलं: ‘क्लीन आहेस ना?’ एचआयव्ही तपासणीबद्दल विचारायची ही पद्धत तुम्हालाही सवयीनं लागली असेल तर सोडा. ज्याला संसर्ग आहे तो घाण नाही. नियमित औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला तर त्याच्याकडून संभोगातून लागणही होत नाही. ‘शेवटची तपासणी कधी केलीस? मी अमुक महिन्यात केली’ असं विचारता येतं.

आता ओळखीचं. ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञ व्हिव्हियन कॅस यांनी १९७९ मध्ये समलिंगी ओळख घडण्याच्या सहा पायऱ्या सांगितल्या. पहिलीवर गोंधळ, मग इतरांशी तुलना, मग कसंबसं सोसणं, मग स्वीकार. पाचवी अभिमानाची: आपले ते सगळे चांगले, बाहेरचे सगळे वैरी. सहावीवर माणूस म्हणतो, मी गे आहे आणि त्याशिवायही बरंच काही आहे. या मांडणीवर टीका पुष्कळ झाली आणि माझ्या खोलीतही कोणी त्या पायऱ्या ओळीनं चढलेला नाही. कोणी दुसरीवरून थेट चौथीवर जातो, कोणी आईच्या आजारपणात दोन पायऱ्या खाली येतो. पण शेवटच्या दोन पायऱ्यांतला फरक उपयोगी आहे. पुण्यात आलात तेव्हा तुम्ही पाचवीच्या तयारीनं आला होता, ‘आपली माणसं’ भेटणार म्हणून. ती अपेक्षा मोडली. मोडली ते बरंही झालं असेल, पण त्यामुळे सहावी आपोआप येत नाही.

पळताय की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते काही गोष्टींवर अवलंबून आहे. तुम्ही गे आहात हे आज अ‍ॅपबाहेरच्या एका तरी माणसाला माहीत आहे का? कोणालाच नसेल तर कम्युनिटी सोडणं म्हणजे पुन्हा पूर्ण गप्प बसणं, आणि तसं गप्प बसलेली माणसं दोन-तीन वर्षांनी माझ्याकडे फार वाईट अवस्थेत येतात. निदान दोघं-तिघं असतील, त्यांच्यापाशी हसता-बोलता येत असेल, तर पार्ट्या आणि अ‍ॅप बंद करण्यात काहीच पळपुटेपणा नाही. दुसरी गोष्ट, ‘मी फक्त गे नाही’ हे वाक्य तुम्ही कोणत्या मनःस्थितीत म्हणता? मला गायचंय, वाचायचंय, बहिणीच्या पोराचा अभ्यास घ्यायचाय, या भरात म्हणत असाल तर वाक्य खरं आहे. ‘गे’ म्हणताना घशात अडकतं म्हणून म्हणत असाल तर ते काम अजून बाकी आहे. दोन्ही थोडं थोडं असू शकतं, बहुतेकांत असतंच.

माझ्यासमोर असता तर मी तुम्हाला एक करायला लावलं असतं: दहा मिनिटं स्वतःबद्दल सांगा, ‘गे’ हा शब्द न वापरता आणि कंपनीचं नाव न घेता. पुण्यात येऊन चार-पाच वर्षं झालेली पुष्कळ मुलं तिसऱ्या मिनिटाला थांबतात. तुम्ही थांबणार नाही असं मला वाटतं, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यांत जिवंत ओळ पेटीची आहे. काळी दोनमध्ये गाता, नाकातून आवाज काढला की आजी ओरडायची, हे तुम्ही उगीच लिहिलेलं नाही. विचारायचं होतं ते त्याशिवायही विचारता आलं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला गे असण्याबद्दलचा नाहीच. पेटी उघडा. दापोडी, येरवडा, पिंपरी, कुठेही गाणारी मंडळी सापडतील. गायक म्हणून जायला नको वाटलं तर साथीला बसा. साथीला बसलेल्या माणसाला प्रश्न कमी विचारतात, त्याचे हात कामात असतात. लग्नाचा विषय निघणारच. त्यासाठी एक वाक्य तयार ठेवा आणि दर वेळी तेच म्हणा: ‘सध्या विचार नाही, काका.’ कारण जोडू नका, कारण जोडलं की समोरचा ते खोडायला बसतो.

तुम्ही लिहिलंय की गाण्याचं आणि गे असण्याचं, ही दोन जगं एकमेकांना कळणं शक्यच नाही. इतकं ठामपणे म्हणू नका. संततिनियमनाचे प्रचारक र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं द्यायचे, हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी आकर्षणाबद्दलसुद्धा. त्यावरून १९३४ मध्ये खटला झाला तेव्हा मुंबईच्या न्यायालयात त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. आता यावरून विहारातला प्रत्येक काका तुम्हाला समजून घेईल असं कृपया काढू नका, तसं होत नाही. पण ज्यांची गाणी तुम्ही गाता त्यांच्या घरात हा विषय नव्यानं शिरणार नाहीये.

अ‍ॅप ठेवायचंच असेल तर ते आडनावाच्या परीक्षेसारखं वापरू नका. दोन पद्धती मी माणसांना वापरताना पाहिल्यात. काही जण प्रोफाइलवरच ‘जय भीम’ लिहितात. मेसेज कमी येतात, पण जे येतात त्यांना तिसऱ्या दिवशी दचकायचं कारण उरत नाही. काहींना मात्र त्यावरून शिव्या आल्या, आणि रात्री अकराला खोलीत एकटं असताना शिव्या वाचणं सगळ्यांना झेपत नाही. दुसरे आधी प्रत्यक्ष भेटतात, चहाला, आणि आडनावाचा प्रश्न आला की उलट विचारतात, ‘कशाला हवंय?’ समोरचा गडबडतो, त्यातून बरंच कळतं. तुमची आत्ताची तब्येत पाहता मी दुसरी सुचवेन. शिवाय दलित क्विअर (गे, लेस्बियन, ट्रान्स वगैरे) माणसांनी स्वतः चालवलेले गट आणि पानं समाजमाध्यमांवर आहेत. मराठवाड्यातला, तुमच्यासारखाच, अर्धवट इंग्रजी आणि पूर्ण गाणं असलेला एक मित्र तिथे भेटला तर तो दहा डेट्सपेक्षा उपयोगी. मित्र म्हणतोय, जोडीदार नाही. जोडीदार शोधायला निघालेल्या माणसाला आधी मित्र लागतात, हे मी बहुतेक सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक सगळे ते ऐकून घेऊन पुन्हा अ‍ॅप उघडतात.

झोप उडणं, जेवण तुटणं, ‘नसलो तर बरं’ असे विचार येणं, यातलं काही होत असेल तर वरचं सगळं नंतर. १४४१६ वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलता येतं. नाहीतर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. कोणी गेपण बरं करतो म्हणाला तर तिथून उठा. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच ते आजारांच्या यादीतून काढलंय.

राहिलं ते लग्नाचं वाक्य. वर मी सतत ‘अवलंबून आहे’ म्हणत आलो, इथे म्हणणार नाही. मुलीशी लग्न करू नका. माझ्याकडे लग्न झालेले गे पुरुष येतात, कधी त्यांच्या बायकाही येतात, आणि त्या खोलीत दोघांपैकी कोणाचा दोष शोधायचा हेच कळेनासं होतं. तुमच्या कम्युनिटीतल्या भांडणाची किंमत परभणीकडच्या कुठल्यातरी मुलीनं भरायचं कारण नाही. दिवाळीच्या सुट्टीत स्थळ दाखवायला नेतील असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी बहिणीला फोन करा. तिला गे असल्याचं सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा. ती पोटात ठेवणारी आहे का, सासरी तिच्यावर काय येईल, वडिलांचा बीपी, घर तुमच्या पगारावर किती चालतं, हे मला माहीत नाही. पण ‘ताई, मला कोणाला बघायला जायचं नाही, तू आईला सांग’ एवढं तर तिला सांगता येईल. ती का विचारेल. तेव्हा लगेच उत्तर द्यायची घाई नाही, ‘समोर बसून सांगतो’ म्हणा आणि सुट्टीत आधी तिच्या घरी उतरा, मग गावी जा.